छायाचित्रे, पत्रे आणि नकाशे यांची ताटातूट थांबवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात अधूनमधून जुन्या मुंबईची छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि समाजमाध्यमांवर तर हल्ली त्यांचा सुकाळ आहे. लोक ती हौसेने पाहतात, एकमेकांना पाठवतात, याचा मला आनंदच वाटतो. खटकते ते एवढेच, की बहुतेक छायाचित्रांखाली ‘शंभर वर्षांपूर्वीचे गिरगाव’ किंवा ‘इंग्रजांच्या काळातले बोरीबंदर’ यापलीकडे काही लिहिलेले नसते. ते कोणी टिपले, कोणत्या साली टिपले, मूळ प्रत कोणाकडे आहे आणि मागची इमारत आज उभी आहे की पडली, यांतले काहीच कळत नाही. अशा छायाचित्राने मन रमते, पण माहितीत भर पडत नाही. राज्याचा भूतकाळ समजून घ्यायचा असेल तर छायाचित्र, पत्र आणि वास्तूचे आरेखन ही तिन्ही साधने शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात, आणि आपल्याकडे नेमकी हीच तीन साधने तीन वेगळ्या दारांआड, तीन वेगळ्या याद्यांत आणि पुष्कळदा कोणत्याच यादीत नसलेल्या अवस्थेत पडून आहेत, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी सरकारी नोकरीत आरेखक होतो, त्यामुळे नकाशांविषयी हात थोडा सैल सुटेल. संपादकांनी तेवढे चालवून घ्यावे.

उदाहरण फोर्टचेच घेतो. रोज चर्चगेटला लोकलमधून उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांना हे ‘गेट’ कशाचे, असा प्रश्न पडत असेल कोण जाणे. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागाभोवती तट बांधला आणि त्याला अपोलो गेट, चर्चगेट व बझारगेट असे तीन दरवाजे ठेवले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईतल्या इंग्रजांचे धाबे दणाणले. कॅप्टन इंचबर्ड यांना चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन यांना साताऱ्याला शाहू महाराजांकडे बोलणी करण्यासाठी पाठवण्यात आले. मराठे इथवर आले तर काय, या धास्तीने तटाभोवती खंदक खणायचे ठरले आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३० हजार रुपयांची वर्गणी काढली. पुढे १८६२ साली गव्हर्नर होऊन आलेल्या बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत हा तट पाडण्यात आला, खंदक बुजवण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जागेलगत हायकोर्ट, विद्यापीठ, जुने सचिवालय अशी इमारतींची रांग उभी राहिली. आज सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात फोर्ट जॉर्जच्या बांधकामाचा एक तुकडा तेवढा शिल्लक आहे.

आता या तटाची आणि खंदकाची हकीकत नीट लावून पाहायची असे एखाद्या विद्यार्थ्याने ठरवले, तर त्याला काय करावे लागते ते पाहा. वसईच्या मोहिमेची मराठी पत्रे पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मोडी लिपीत. त्यांतली निवडक पत्रे गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत संपादित केलेल्या ४५ खंडांमध्ये छापली गेली, हे त्याचे नशीब. बाकीच्यांसाठी मोडी आली पाहिजे. इंग्रजांची बाजू कंपनीच्या रोजनिशांमध्ये आणि पत्रव्यवहारात, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आणि काही लंडनला. तटाचे नकाशे आणखी वेगळीकडे. आणि तट पाडला जाईपर्यंत कॅमेरा मुंबईत चांगला रुळला होता, म्हणून त्या सुमाराच्या चर्चगेटची जी छायाचित्रे आहेत, ती पुन्हा कोणत्या तरी संग्रहालयाच्या किंवा खासगी संग्राहकाच्या आल्बममध्ये. या चौघांची गाठ घालून देणारी एकही सूची नाही. विद्यार्थ्याने एकच कागद पाहिला तर त्याला एक तर पराक्रमाची गोष्ट मिळते, नाही तर नगररचनेची, नाही तर जुन्या काळाची हळहळ. मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक सव्वाशे वर्षांनी अडगळ ठरून बुजवला गेला आणि त्या भरावाच्या आसपास आजची मुंबई उभी राहिली, ही सलग गोष्ट त्याला दिसतच नाही.

गेटवे ऑफ इंडियाचे प्रकरण याहून सोपे आहे, पण तितकेच बोलके. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये मुंबईत उतरले ते गेटवेखालून आत आले, असा समज आजही पुष्कळांचा आहे आणि पर्यटकांना तो सर्रास ऐकवला जातो. त्या दिवसाच्या छायाचित्रांत अपोलो बंदरावर तात्पुरता उभारलेला मंडप दिसतो. गेटवेचा पत्ता नाही, कारण त्याची पायाभरणीच ३१ मार्च १९१३ रोजी झाली. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याला अंतिम मंजुरी १९१४ मध्ये मिळाली आणि उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. पुढची गंमत मात्र छायाचित्रातून कळत नाही. गेटवेपर्यंत सरळ येणारा एक रुंद, भव्य रस्ता योजनेत होता. तो पैशांअभावी झाला नाही, म्हणून आजही आपण वास्तूकडे जातो ते किंचित तिरकेच. रस्ता कसा योजला होता हे आरेखनात सापडते आणि तो का बारगळला हे पत्रव्यवहारात. नुसत्या पोस्टकार्डावरच्या चित्राने यांतले काय सांगितले असते?

छायाचित्र खोटे बोलत नाही, ही आपली एक भाबडी समजूत आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सुरुवातीच्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार होते, म्हणजे ही कला इथल्या माणसांनी फार लवकर आत्मसात केली होती. त्याच काळात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांची छायाचित्रे काढली आणि १८६०च्या दशकात ती दोन खंडांत प्रसिद्ध केली. पाहणाऱ्याला वाटते की ही मंडळी एखाद्या देवळापुढे किंवा समुद्रकिनारी उभी आहेत. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांची छायाचित्रे आधी वेगळी काढली होती आणि मागाहून दुसऱ्याच ठिकाणच्या देखाव्यावर चिकटवली होती. आज कोणी त्या चित्रातल्या पार्श्वभूमीवरून ‘अमुक समाज अमुक ठिकाणी राहत असे’ असे अनुमान काढले, तर ते साफ चुकेल. याच कारणासाठी छायाचित्राशेजारी त्याच जागेचा मोजणी नकाशा ठेवायचा असतो. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबईची जी तपशीलवार मोजणी केली, तिचे नकाशे या कामासाठी सोन्यासारखे आहेत, कारण त्यांत गल्ल्या, विहिरी, तलाव आणि घरांच्या कडा मोजून मांडलेल्या आहेत.

आरेखनाचीही मर्यादा आहे, आणि आरेखक म्हणून ती मीच सांगितलेली बरी. राजाबाई टॉवरचे आणि विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे सर गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केले. त्यांनी मुंबई कधी पाहिली नाही. कागदावर नाव त्यांचे. परंतु मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या जातिजमातींच्या माणसांच्या ज्या मूर्ती आहेत, त्या घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्या अभियंत्याने. बोरीबंदरच्या बांधकामात फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव होते आणि तिथल्या कोरीव कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. ही नावे दर्शनी आराखड्यावर सापडत नाहीत. ती पत्रव्यवहारात, हिशेबात, बढतीच्या शिफारशीत सापडतात. नकाशावर सही करतो तो साहेब, हे आमच्या काळापर्यंत तसेच चालत आले होते.

पेशवाईतल्या वास्तूंकडे वळले की प्रश्न उलटा होतो. तिथे आजच्या अर्थाने आरेखने जवळजवळ नाहीतच. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि मूळ वाड्याला १६,११० रुपये खर्च आला, हे आपण सांगतो ते कागदोपत्री नोंदींच्या जोरावर. १८२८च्या आगीत आतला वाडा जळून गेला, तेव्हा कॅमेरा नव्हता. म्हणजे आज आपण चौथऱ्यांवर उभे राहून ज्या महालाची कल्पना करतो, त्याचे दालन कुठे होते आणि त्यात सागवान कोणते वापरले, हे सुताराच्या मजुरीच्या आणि माल-मसाल्याच्या हिशेबातूनच शोधावे लागते. अशा वेळी हिशेबाचा कागदच नकाशाचे काम करतो.

एक नाव मुद्दाम लिहितो, कारण ते मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे आणि सहसा नसते: गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याचे ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने पुण्यात चित्रकलेचे शिक्षण देण्याची जी सोय झाली, तिथे तयार झालेला हा चित्रकार. त्याने १७९०च्या दशकात वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. महाराष्ट्रातल्या वास्तूंची महाराष्ट्रातल्या माणसाने केलेली ही इतकी जुनी रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. तिथे ती व्यवस्थित आहेत, यात शंका नाही, आणि ‘परत आणा’ अशी घोषणा देण्याची मला हौस नाही. त्यांच्या उत्तम रंगीत प्रती वेरूळला किंवा पुण्याला मराठी टिपणांसह कायम पाहायला मिळाव्यात, एवढेही आपण करू नये का? तीच गोष्ट अगदी अलीकडची. नवी मुंबईची कल्पना प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह मांडणारे चार्ल्स कोरिया यांनी आपली सहा हजारांहून अधिक आरेखने लंडनच्या ‘रिबा’ या वास्तुरचनाकारांच्या संस्थेला दिली. देणाऱ्याला दोष देता येत नाही. त्यांना विश्वासाने सुपूर्द करता येईल असे वास्तुआरेखनांचे सार्वजनिक दालन या राज्यात असते, तर गोष्ट वेगळी झाली असती का, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारायला हवा.

पत्रांच्या बाबतीत मोडीची अडचण सर्वांना ठाऊक आहे. जुन्नरी कागद, बोरूने ओढलेली सलग ओळ, वर ‘श्री’, मग ‘राजमान्य राजश्री’ असा मायना आणि शेवटी ‘लेखनसीमा’ किंवा मोर्तब, हे सारे दिसायला इतके देखणे असते की माणूस नुसते पाहतच राहतो. वाचता मात्र येत नाही. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली आणि जुनी दफ्तरे धडाधड उघडली गेली, तेव्हा कालपर्यंत ज्यांना कोणी विचारत नव्हते अशा मोडी वाचकांचा गावोगाव शोध सुरू झाला. निजामाच्या राजवटीतले कागद पाहायचे म्हणून हैदराबादकडे धाव घ्यावी लागली. त्या मागणीच्या राजकारणात मी जात नाही. पण १ मे १९६० रोजी जन्मलेल्या या राज्याचे कागद त्याच्या जन्माआधीच्या निरनिराळ्या राजवटींत विभागलेले आहेत, मुंबई इलाख्याचे मुंबई-पुण्यात, विदर्भाचे मध्य प्रांताच्या दफ्तरात, मराठवाड्याचे निजामाच्या, कोल्हापूरसारख्या संस्थानांचे त्यांच्या त्यांच्या, हे त्या निमित्ताने सामान्य माणसाला प्रथमच इतक्या जवळून कळले. दफ्तर म्हणजे केवळ संशोधकांचा छंद नव्हे, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज आता राहिलेली नाही.

आता नकाशांकडे येतो. जुनी आरेखने ट्रेसिंग क्लॉथवर केलेली असत. तलम कापडाला खळ देऊन ते घोटून गुळगुळीत केलेले असे आणि त्यावर काळ्या शाईने रेघ अशी उमटे की ऐंशी वर्षांनीही ती करकरीत दिसते. याच कापडावरून निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांच्या प्रती काढत. आमच्या खात्यात त्यांना फेरो प्रिंट म्हणत. या कापडाचे दोन वैरी. एक पाणी, कारण थेंब पडला की खळ सुटते आणि तिथे पांढरट डाग धरतो. दुसरी कसर, जिला ही खळ फार आवडते. मुंबईच्या पावसाळ्यात दोन्ही एकदमच येतात. फेरो प्रिंटची निळाई उजेडाने उडते, म्हणून ती फ्रेम करून साहेबांच्या केबिनमध्ये खिडकीसमोर लावली की चार-सहा वर्षांत गेलीच समजा. मी ज्या कार्यालयात होतो त्याचे स्थलांतर झाले, तेव्हा फायली आवक क्रमांकाप्रमाणे मोजून नेण्यात आल्या. पत्र्याच्या नळ्यांतली आरेखने मात्र कोणाच्याच यादीत नव्हती. त्यांचे क्रमांक फायलीत आणि फायली दुसऱ्या शाखेत. बरीचशी रद्दीत गेली. जुने ट्रेसिंग क्लॉथ गरम पाण्यात भिजवले की खळ आणि शाई निघून जाते आणि खाली उत्तम कापड उरते, हे खात्यात सगळ्यांना माहीत होते. त्याचे शिवलेले हातरुमाल मी स्वतः पाहिले आहेत. एखाद्या पुलाचा किंवा कोर्टाच्या इमारतीचा छेदनकाशा असा कोणाच्या खिशात गेला असेल.

यावर हल्ली हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे स्कॅनिंग. त्याला माझा विरोध नाही, घाईला आहे. महापालिकेला सादर होणाऱ्या नकाशांत रंगांना ठरलेला अर्थ असतो: नवे बांधकाम लाल, पाडायचे ते पिवळ्या तिरप्या रेघांनी, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेघेने. असा नकाशा काळ्या-पांढऱ्या रंगात स्कॅन केला की लाल आणि पिवळा दोन्ही राखाडी होतात. भिंत बांधायची होती की पाडायची होती, हेच मग कळेनासे होते. शिवाय मोठा कागद मावत नाही म्हणून त्याचे चार तुकडे करून चार फायली बनतात, समासातला तक्ता कापला जातो आणि त्याबरोबर प्रमाण, तारीख, दुरुस्तीचा क्रमांक, आरेखकाची आद्याक्षरे हे सारे जाते. छायाचित्राच्या मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेले नाव असते, ती बाजू कोणी स्कॅनच करत नाही. पत्राच्या पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्याचीही तीच गत. आधी यादी आणि मग स्कॅन, हा क्रम उलटला की संगणकात लाखो चित्रांचा ढीग जमतो आणि हवा तो कागद तरीही सापडत नाही. मोठमोठे आकडे जाहीर करण्यापेक्षा हजारच कागदांची धड यादी झाली तरी मी तिला अधिक मोल देईन.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अस्तित्वात आहे. सरकारी कार्यालयांत फायली ठरलेल्या सहा गठ्ठ्यांत लावण्याची सहा गठ्ठा पद्धत आहे, अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण आहे. अ वर्गातला कागद कायमचा जपायचा आणि ड वर्गातला वर्षभराने नष्ट करायचा, हे प्रत्येक लिपिकाला तोंडपाठ असते. अडचण अशी की ही पद्धत फायलीसाठी आखलेली आहे. दीड मीटर लांबीची गुंडाळी कोणत्या गठ्ठ्यात बांधायची? बांधकाम पूर्ण झाल्याचे छायाचित्र, जे ठेकेदाराच्या देयकाला टाचलेले असते, त्याचा वर्ग देयकाप्रमाणे ठरतो आणि देयकाबरोबर ते नष्ट होते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली भस्मसात झाल्या, तेव्हा एका प्रतीवर विसंबण्याचा धोका सगळ्यांच्या लक्षात आला होता. त्या धड्याने फायली संगणकावर आल्या. नळ्यांतले नकाशे आणि आल्बम अजूनही बहुतेक ठिकाणी आपल्या जागीच आहेत.

हे सारे आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे पुनर्विकास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या मिळून २०७ बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. तळमजल्यावर तीन मजले, ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फूट. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीतल्या काही चाळींचा उपयोग तात्पुरत्या तुरुंगासारखा झाला. नंतर याच खोल्यांत गिरणगाव नांदले. आता तिथे मनोरे उभे राहत आहेत आणि रहिवाशांना मोठी घरे मिळत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. १६० चौरस फुटांत संसार केलेल्या माणसाला इतिहास जपण्यासाठी तिथेच राहा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु चाळ पाडताना तिचे मूळ नकाशे, मधल्या काळात केलेल्या फेरफारांची मोजमापे, खोल्यांची आतून काढलेली छायाचित्रे आणि रहिवाशांकडची भाडेपावती, गावाहून आलेली पत्रे, गणेशोत्सवाच्या वर्गणीचे पुस्तक यांच्या प्रती एका जागी जमा करायला किती खर्च येणार आहे? परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दीर्घकाळ राहिले आणि त्यांचे कार्यालय जवळच्या दामोदर हॉलमध्ये होते, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते बाबासाहेब होते. शेजारच्या खोल्यांतली माणसे कोण होती, कुठल्या तालुक्यातून आली होती, त्यांनी माळा कधी टाकला, हे त्यांच्या नातवंडांनी पत्र्याच्या पेटीतले कागद टाकून दिले की कायमचे गेले.

दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचेही तेच. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत असेल तर ती ‘अ’ वर्गात धरली जाते, त्यामुळे इमारतीचे वय सिद्ध करण्यासाठी भाडेकरू, मालक आणि विकासक तिघेही जुने कागद शोधत फिरतात. काम झाले की तेच कागद एखाद्या सल्लागाराच्या कपाटात राहतात. म्हणजे शोधण्याचे कष्ट आणि पैसे लोक आजही खर्च करतातच. फळ मात्र सार्वजनिक होत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मुंबईत कोणतीही जुनी इमारत पाडण्याची परवानगी देताना, ती वारसा यादीत असो वा नसो, तिच्या उपलब्ध नकाशांची रंगीत व पूर्ण आकाराची प्रत, चारही बाजूंची आणि किमान एका घराच्या आतली छायाचित्रे आणि इमारतीच्या स्थापनेविषयीचा पत्रव्यवहार असल्यास त्याची प्रत पुराभिलेख संचालनालयाकडे जमा केल्याची पावती मागावी. वारसा नियमावली मुंबईला १९९५ मध्येच मिळाली आणि तिने निवडक वास्तू वाचवल्या. उरलेल्या हजारो सामान्य इमारतींची निदान नोंद राहील. रहिवाशांच्या खासगी पत्रांची सक्ती अर्थातच नको. ज्यांना द्यायची असतील त्यांच्याकडून प्रत घेऊन मूळ कागद त्यांना परत करावा आणि नावे उघड करायची की नाही हे त्यांनी ठरवावे.

जमा होणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी मराठीत असावी, पुराभिलेखागार, वस्तुसंग्रहालये, एशियाटिक सोसायटी, भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या याद्यांशी ती जोडलेली असावी आणि शोधाची किल्ली कागदाचा प्रकार ही नसून जागा ही असावी. म्हणजे एखाद्याने ‘काळाचौकी’ किंवा ‘बझारगेट’ असे लिहिले की तिथले पत्र, तिथले छायाचित्र आणि तिथला नकाशा एकत्र समोर येतील, मग मूळ प्रत कुठल्या का शहरात असेना. नगर भूमापन क्रमांक मुंबईत प्रत्येक मिळकतीला आहेच; तो प्रत्येक नोंदीवर टाकला तर वेगळी नवी पद्धत शोधण्याचीही गरज नाही. आणि यादीत वास्तुरचनाकाराच्या नावाखाली आणखी दोन रकाने ठेवावेत: आरेखन कोणी केले आणि तपासले कोणी. समासातली आद्याक्षरे वाचता येत असतील तर ती तशीच उतरवून घ्यावीत. हजेरीपट आणि पगारपत्रके पुढेमागे यादीत आली की त्यांवरून पूर्ण नावे लावता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक,
माहीम, मुंबई